साडेतीन अक्षरं

माझं नाव चंद्रशेखर. मराठीत लिहिलं तर अक्षरं पाच, इंग्रजीत लिहिलं तर चौदा. म्हणजे आपल्या हद्दीत पाच डब्यांची सुटसुटीत पॅसेंजर असलेला मी इंग्रजी फॉर्ममध्ये शिरलो की चौदा डब्यांची मालगाडी होतो. त्यात वडील त्र्यंबक. मराठीत तीन अक्षरं, इंग्रजीत आठ. आडनावापर्यंत पोचायच्या आत फॉर्मवरच्या चौकटी संपतात आणि मालगाडीचे शेवटचे डबे समासात उभे राहतात. आजवर भरलेल्या फॉर्मांपैकी निम्म्यांवर मी नुसता 'चंद्रशेख' आहे. एका प्रवासात तर आरक्षणाच्या तिकिटावर माझे दोन तुकडे पडले होते. तिकीट तपासनीसाने आधी कागद पाहिला, मग मला पाहिलं.

"चंद्र कोण?"

"मीच."

"आणि शेखर?"

"तोही मीच."

"दोघांत एकच बर्थ घेतलाय?"

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत शेजारच्या बाकावरचा राम नाव लिहून, पेन्सिलीला टोक काढून दुसऱ्या गणितावर पोचायचा, तेव्हा मी 'शे'ची मात्रा देत असायचो. मला शिष्यवृत्ती मिळाली नाही याचं हे एकमेव कारण आहे, असं मी गेली पन्नासेक वर्षं सांगत आलो आहे. गणित कच्चं होतं ही गोष्ट घरात फक्त आईला माहीत आहे आणि ती सगळ्यांना सांगते.

तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की आपल्या पोरांना असलं ओझं द्यायचं नाही. दोन अक्षरं, तीही जोडाक्षराशिवाय. मुलाचं नाव ठेवलं जय, मुलीचं जुई. इंग्रजीत तीन-तीन चौकटींत माणूस बसतो आणि आडनावाला अंगण उरतं. पोरं मोठी झाली की आपल्याला दुवा देतील, अशा समजात मी तीस-बत्तीस वर्षं सुखाने काढली. दुवा देतात की काय, हे कळायला नात जन्माला यावी लागली.

नात झाली तेव्हा इस्पितळात तिच्या मनगटावर पट्टी होती : 'बेबी ऑफ राजलक्ष्मी'. राजलक्ष्मी आमची सून. मी पाळण्यात डोकावलो आणि सहज म्हणून गेलो, "छान आटोपशीर नाव ठेवा हं. ईरा वगैरे."

"ईरा नको," जय म्हणाला. "बाबा, या वेळी जरा मोठं नाव ठेवू. भुवनेश्वरी."

मला वाटलं, रात्रभर जागा होता, झोपेत बोलतोय. पण तो पुरता जागा होता. किंबहुना तीस वर्षं जागाच होता.

"तुम्हाला कल्पना नाही बाबा, 'जय' नावाने जगणं म्हणजे काय असतं. गणपतीच्या आरतीला दर कडव्याला कोणीतरी हाक मारतंय असं वाटून मी मागे वळायचो. विसर्जनाच्या मिरवणुकीत तर मान दुखायची. वर्गात चार जय होते. एक उंच जय, एक चष्मेवाला जय, एक हुशार जय आणि मी नुसता जय. ऑफिसात फोनवर नाव सांगितलं की लोक पुढचं ऐकायला थांबतात. जय... काय? जयंत? जयदीप? जयवर्धन? मी म्हणतो, एवढंच. ते म्हणतात, बरं."

हे 'बरं' म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर असं काही दुःख होतं की मला चौथीतला मी आठवलो.

तेवढ्यात राजलक्ष्मी खाटेवरून म्हणाली, "भुवनेश्वरी अजिबात नाही. मी आयुष्यभर माझ्या नावात 'क्ष' लिहायला एक्स घालायचा की के एस एच, याचीच उत्तरं दिलीत. माझ्या दहावीच्या दाखल्यावर एक आहे, बँकेत दुसरी आहे, आणि तिसरीच्या नावावर गॅस आहे. दोन अक्षरं. संपलं. बाबा बरोबर म्हणतायत."

सून आणि सासरा एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला, असा सामना मराठी कुटुंबात सहसा होत नाही. मला तो फार आवडला.

बारशाला आत्याचा मान. आत्या म्हणजे आमची जुई. ती जर्मनीत असते. तिला व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं, दोन अक्षरी पोरगी, आपल्याच पक्षाची. तर तीही उलटली.

"बाबा, इथे 'जे'चा उच्चार 'य' करतात. मी इथे युई आहे. कचेरीत युई, दवाखान्यात युई. दोन अक्षरांतलं एक तर विमानतळावरच काढून घेतलं त्यांनी. सईचं नाव काढू नका, 'एस'ने सुरू होतं, तिची झाई होईल. नाव मोठंच ठेवा. त्यातलं थोडं इकडेतिकडे झालं तरी निदान काहीतरी शिल्लक राहील."

हा मुद्दा मला नवा होता. लांब नावाकडे मी आजवर ओझं म्हणून पाहत होतो, ती त्याकडे घट धरून दिलेला माल म्हणून पाहत होती.

आता राहिली आई. आई सत्याऐंशीची. माहेरची यमू, सासरी येऊन कालिंदी झाली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपण कोणी वेगळी होणार. पुढे कोणीतरी सांगितलं की कालिंदी म्हणजे यमुनाच. "नदी तीच, नुसता घाट बदलला," असं ती म्हणते. तिचं मत विचारल्यावर तिने थेट अजामिळालाच बोलावलं.

"अजामिळाने जन्मभर पाप केलं. पण धाकट्या मुलाचं नाव नारायण ठेवलेलं. मरताना पोराला हाक मारली, नारायणा! की विष्णूचे दूत हजर, यमदूत हात हलवत परत. त्याने पोराचं नाव कियान ठेवलं असतं तर?"

आम्ही सगळे गप्प. कियानला हाक मारल्यावर कुठले दूत येतात, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"म्हणून देवाचं नाव ठेवा, आणि पुरतं ठेवा. अर्धं घेतलं तर दूत अर्ध्या वाटेवर थांबतील," असं म्हणून तिने मला हाक मारली, "चंदू, माझी काठी दे."

शंकराचं अख्खं नाव ठेवून साठ वर्षं त्याला चंदू म्हणणाऱ्या बाईने हे सांगावं! मी काठी दिली.

थोडक्यात, परिस्थिती अशी होती : ज्यांची नावं लांब होती त्यांना आखूड नाव हवं होतं, ज्यांची आखूड होती त्यांना लांब. पाळण्यात झोपलेल्या दोन किलो आठशे ग्रॅमच्या त्या जीवाशी यातल्या एकाच्याही मताचा संबंध नव्हता. जो तो आपल्याच बारशात झालेली चूक दुरुस्त करायला निघाला होता.

कायद्याला मात्र माणसाचा स्वभाव नीट कळलेला दिसतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा. जन्म एकवीस दिवसांत कळवावा लागतो, पण नावाची घाई नाही. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि बारा महिन्यांच्या आत नाव फुकट घालून मिळतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून थेट पंधरा वर्षांपर्यंत मुदत. पंधरा वर्षं! ज्याने हा नियम केला त्याच्या घरात आमच्यासारखीच माणसं असणार. पंधरा वर्षं भांडूनही जमलं नाही तर पुढच्या बैठकीला पोराला स्वतःच बसता यावं, अशी ही सोय.

त्यात आता आणखी एक गोष्ट झाली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचंही नाव आणलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मला हा नियम मनापासून पटतो. नऊ महिने वागवणारीचं नाव कागदावर यायला इतकी वर्षं लागावीत हेच नवल. पण आमच्या घरात या चांगल्या नियमाचंही भांडण झालं.

"आता कागदावर चार नावं येणार. मधे मी चार अक्षरांची आहेच. पहिलं तरी आखूड हवं," राजलक्ष्मी म्हणाली.

"उलट," जय म्हणाला, "मागे एवढे डबे लागले तर इंजिन दमदार नको?"

रेल्वेचं रूपक त्याने माझ्याकडूनच उचललं होतं आणि माझ्यावरच चालवलं.

मग जयने एक्सेल शीट केली. नाव, अक्षरं, स्पेलिंग, अर्थ, आणि 'मीटिंगमध्ये कसं वाटेल' असा एक रकाना. अडीचशे नावं गोळा झाली. त्यांचे अर्थ वाचून माझ्या लक्षात आलं की नव्या नावांना अर्थ दोनच असतात. एक 'देवाची देणगी' आणि दुसरा 'सूर्याचा पहिला किरण'. पहिले किरण मी मोजले, एकतीस भरले. सूर्याला दुसरा किरण पाठवायला उसंतच नाही.

गुरुजींनी पत्रिका मांडली आणि गोंधळात एक अक्षर टाकलं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरं वाटलेली असतात. कोणाला 'चू' येतं, कोणाला 'ला' येतं. नात हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली.

"अक्षर आलंय ण," गुरुजी म्हणाले.

"कोणता न?"

"बाणातला."

हस्ताचे चार चरण पू, ष, ण आणि ठ. म्हणजे थोडी आधी आली असती तर षोडशी झाली असती, थोडी उशिरा आली असती तर ठकूबाई. नेमकी ण वर आली. मराठीत ण पासून सुरू होणारा एकही शब्द मला आठवेना. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "णिशा ठेवा." हे काका सोसायटीतल्या प्रत्येक बारशाला येतात आणि 'नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फरक आहे बरं का' हा विनोद करतात. या वेळी बारसं ठरायच्या आतच तीनदा करून झाला होता.

"नावरस नाव कानात सांगायचं असतं, व्यवहारात दुसरं चालतं," गुरुजींनी दिलासा दिला. "पण नावात कुठे ण आला तर उत्तम."

या सगळ्यात आमची ही गप्प होती. ती छत्तीस वर्षं मराठीची शिक्षिका होती. साठ-साठ पोरांच्या हजेऱ्या घेतलेल्या बाईला नावांचं कौतुक राहत नाही. तिने एके दिवशी चष्मा काढला आणि म्हणाली, "नाव कागदावर बघून काय करताय? नाव हाक मारायला असतं. हाक मारून बघा."

तर हाकेची चाचणी ठरली. संध्याकाळी सातची वेळ, कारण खाली खेळणाऱ्या पोरांना हाका मारायची हीच वेळ. मी खाली बागेतल्या बाकावर पोराच्या भूमिकेत बसायचं, चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून ते हाक मारणार, ऐकू आलं तर मी ओ द्यायची.

पहिली हाक आखूड पक्षाची. राजलक्ष्मीने सगळा जीव एकवटून "ईराऽऽ" केलं. माझ्यापर्यंत "...राऽ" एवढंच पोचलं. त्यावर समोरच्या इमारतीतून एक मीरा, एक तारा आणि एक समीरा गॅलरीत आल्या. शिवाय इस्त्रीवाला वर बघून ओरडला, "आला आला! दहा मिनिटांत आणतो!"

दुसरी हाक लांब पक्षाची. जयने दोन्ही हातांचा कर्णा केला. "भुवनेऽऽश्वरीऽऽ!" 'भुवने' रिक्षाच्या आवाजात गेलं. 'श्वरी' मात्र खणखणीत उतरली. बाकावर माझ्या शेजारी बसलेले आजोबा माझ्याकडे वळले.

"ज्ञानेश्वरीचं पारायण आहे का तुमच्याकडे? किती वाजता?"

मी समजावून सांगेपर्यंत ते टोपी घालून उठले होते. त्यांना चहा पाजून परत पाठवावं लागलं.

चाचणीचा निकाल असा लागला की आखूड नावाला तीन पोरी येतात आणि लांब नावाला वारकरी.

मी वर आलो आणि माझा हुकमी पत्ता टाकला. "हे बघा, तुम्ही कितीही लांब ठेवा, लोक तोडणारच. आपलं पुणं बघा. सेनापती बापट रस्त्याचा एसबी रोड केला. जंगली महाराजांचा जेएम केला. अप्पा बळवंत चौकाचं एबीसी करून टाकलं. पुस्तकांच्या बाजाराला बालवाडीत बसवलं! मग आधीच आखूड ठेवलेलं काय वाईट?"

"पण बाबा," जय म्हणाला, "मुळात चौकाचं नावच एबीसी ठेवलं असतं, तर लोकांनी तोडलं काय असतं?"

मला उत्तर सुचलं नाही. हिने मात्र त्याचं बोट धरलं. "आपल्या साहित्यात बघ. पुरुषोत्तम लक्ष्मणांचे पु. ल. झाले, गजानन दिगंबरांचे गदिमा झाले. लांब नाव होतं म्हणून एवढं गोड तोडता आलं. तोडायलासुद्धा आधी काहीतरी लागतं. अर्थात चिंतामण त्र्यंबक खानोलकरांचं तोडून चिं. त्र्यं. केलं, तर ते अख्ख्या नावापेक्षा अवघड झालं. पण त्यांनीही मग आरती प्रभू घेतलंच की."

"म्हणजे तू लांबच्या बाजूची?" मी विचारलं.

"मी शिक्षिका आहे. मी सरासरी काढते. तुमची ईरा दोन, त्यांची भुवनेश्वरी पाच. दोन आणि पाचाचा मध्य?"

आम्ही मनात भागाकार करत होतो, तेवढ्यात आई आतल्या खोलीतून म्हणाली, "औट."

आईला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी अजून पाठ आहेत. औट म्हणजे साडेतीन आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे जयला सांगावं लागलं. त्याला वाटलं, आजीने क्रिकेटचा निकाल दिला.

"साडेतीन अक्षरांचं नाव कसं असणार?" राजलक्ष्मीने विचारलं.

"का नाही?" आई म्हणाली. "आपल्याकडे मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईत शहाणे साडेतीन, माणसाचा देह साडेतीन हातांचा. नावालाच काय झालंय?"

त्या साडेतीन शहाण्यांतले अर्धे नाना फडणवीस होते. आमच्या घरात त्या क्षणी पूर्ण शहाण्या दोन होत्या, सासू आणि सून. बाकीच्यांची बेरीज करून अर्धं व्हावं की नाही अशी शंका होती.

ही उठली आणि पुस्तकांच्या कपाटापुढे उभी राहिली. कपाट म्हणजे तिचं माहेर. काही सुचेनासं झालं की ती पुस्तकांच्या पाठी वाचते. वरून दुसऱ्या फळीवर गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्या आहेत. तिने एका पाठीवर बोट ठेवलं.

"मृण्मयी."

आम्ही मोजायला लागलो. मृ एक. ण अर्धा. म दोन. यी तीन. बोटं मोजून झाली आणि जय ओरडलाच, "साडेतीन!"

गुरुजींना फोन लावला. "ण आहे का बघा," ते म्हणाले.

"आहे, पण मधे आहे आणि अर्धा आहे."

पलीकडे थोडी शांतता. मग गुरुजी म्हणाले, "अर्धा चालेल. नक्षत्राला पोचतो."

मृण्मयी म्हणजे मातीची. जयच्या शीटमध्ये अडीचशे नावं होती, त्यांत मातीचं एकही नव्हतं. सगळी आकाशातलीच. राजलक्ष्मीला 'क्ष' नाही म्हणून चाललं, जयला बंगल्यासारखं भारदस्त वाटलं म्हणून चाललं. आईला विचारलं, दूत येतील का? ती म्हणाली, "सीतामाई मातीतूनच आली. येतील." अशा रीतीने कोणाचंच नसलेलं नाव सगळ्यांना आपलं वाटलं आणि भांडण मिटलं.

अर्थात मराठीपुरतं मिटलं. इंग्रजी बाकी होतं.

बारसं सव्वा महिन्याने होतं. सजावट हल्ली फुग्यांची असते. रुपेरी फुगा, एकेका अक्षराचा, आणि पैसे अक्षरामागे. मी दुकानात उभा राहून फोन केला, "मृ मध्ये आर यू की आर आय?" जय म्हणाला, आर यू, आपल्याकडे ऋ असाच म्हणतात. जुईचा जर्मनीहून मेसेज आला, आर आय, संस्कृतवाले तसं लिहितात. राजलक्ष्मी म्हणाली, शेवटी आय की डबल ई, ते आधी ठरवा. दुकानदार म्हणाला, "काका, गेल्या गिऱ्हाइकाची मुलगी ईवा होती. तीन फुग्यांत काम झालं." मी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला माझा पक्ष कळावा. शेवटी आर यू आणि डबल ई असे नऊ फुगे ठरले. त्याच्याकडे एम एकच निघाला.

"डब्ल्यू उलटा करून लावा की," तो म्हणाला.

लावला. सकाळपर्यंत त्या डब्ल्यूतली हवा थोडी गेली आणि तो गिरकी घेऊन आपल्या मूळ स्वभावावर आला. पाहुणे आले तेव्हा भिंतीवर नातीचं नाव होतं 'व्रुन्मयी'. खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते वाचलं, "वा! वेगळंच आहे," म्हणाले आणि चौथ्यांदा तो विनोद केला.

जुई येऊ शकली नव्हती, म्हणून फोनवरूनच कानात नाव सांगायचं ठरलं. पाळण्यात बाळ, बाळाच्या कानाशी फोन. जयची चुलतबहीण फोन धरून वाकलेली, कारण धपाटे खायला कोणाची तरी पाठ हवी. जुईने "कुर्रर्र" केलं. बायकांनी त्या बिचारीच्या पाठीत असे धपाटे घातले की फोन पाळण्यात पडला. नेटवर्कही तिथेच अडकलं. स्क्रीनवर जुई तोंड उघडून थिजली आणि फोनमधून आवाज आला, "मृ..."

पुढे काही नाही. सगळे कान टवकारून उभे. घुगऱ्यांची वाटी हातात घेतलेल्या एक मावशी म्हणाल्या, "मृ? एवढंच ठेवलं? छान आहे, सोपं."

नोंदणीच्या खिडकीवर मीच गेलो. चिठ्ठी घेऊन गेलो होतो. बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्या अक्षरांत. खिडकीतल्या बाईंनी टाइप करता करता विचारलं, "यू की आय?" मी म्हणालो, यू. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "आय करा हो, पुढे पासपोर्टला सोपं जातं." त्यांच्या मागची बाई म्हणाली, "माझी भाची यू आहे, काही अडत नाही." रांगेत मतदान झालं. यू सात मतांनी आला. मग बाईंनी अर्जदाराचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टाइप केलं, थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्या वेळी कोणी काही बोललं नाही का हो?"

आता ती सव्वा वर्षाची आहे. साडेतीन अक्षरं आहेत, पण ती सगळी एकत्र फारशी कोणी बघितलेली नाहीत. राजलक्ष्मी मिनू म्हणते, जय मृणू म्हणतो, जुई मोनी म्हणते. आई चिमणे म्हणते आणि दुताबितांचं नाव काढत नाही. पूर्ण नाव फक्त दोन ठिकाणी वापरलं जातं, लसीच्या कार्डावर आणि पोह्यांच्या पातेल्यात हात घातल्यावर. तेव्हा मात्र "मृण्मयीऽऽ" असं चारी बाजूंनी येतं आणि ती हात बाहेर काढते. लहानपणी मला आई "चंद्रशेखर" म्हणाली की मीही अंगणातल्या अंगणात दोन पावलं मागे सरायचो. माणसाच्या नावाची लांबी बारशात नाही ठरत, तो आत्ता काय करतोय त्यावर ठरते.

माझं नाव हिने आयुष्यात एकदाच अख्खं घेतलंय, लग्नाच्या पंगतीत उखाण्यात. 'चंद्रशेखरराव' पर्यंत पोचताना तिचा श्वास संपला होता, आणि माझ्या तोंडापाशी धरलेला जिलबीचा घास पाक गळून निम्मा झाला होता. त्यानंतर अडतीस वर्षं मी 'अहो' आहे. दोन अक्षरं, जोडाक्षर नाही, स्पेलिंग नाही, कोणत्याही चौकटीत बसणारं. मी आयुष्यभर जे आखूड नाव मागत होतो ते मला कधीच मिळालं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

परवा सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो. ही आतून म्हणाली, "अहो, चहा." मी वळण्याच्या आधीच सोफ्याच्या कडेला धरून उभ्या असलेल्या नातीने माझ्या लेंग्याची नाडी ओढली. तिला अजून आई येत नाही, बाबा येत नाही, आजी तर लांबच. तिने माझ्याकडे बघितलं, ओठांचा चंबू केला आणि नीट, स्पष्ट हाक मारली.

"अओ."

घरातले सगळे धावत आले. तिचा पहिला शब्द! जय म्हणाला, ह अजून यायचाय. ही दारात कप घेऊन तशीच उभी राहिली. आणि पुन्हा एकदा, जरा हक्काने, नाडी ओढून :

"अओ!"

फुगे नव्हते, घुगऱ्या नव्हत्या, गुरुजींना विचारलं नव्हतं. माझ्या चौदा डब्यांच्या गाडीला तिने बसल्या जागी दोन डब्यांवर आणलं होतं. मी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणालो, "ओ."